भाड्याचा फ्लॅट विकला, कॅपिटल गेनसाठी (विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी) ऑनलाइन पॅकेज आणि सीए मॅडम, दोघांचा अनुभव

भाड्याने दिलेला फ्लॅट नोव्हेंबर २०२४ मध्ये ६० लाखाला विकला. घेतला होता ऑगस्ट २०१० मध्ये, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन सगळं धरून २५ लाखाला. रिटर्नच्या वेळी आधी एक ऑनलाइन पॅकेज घेतलं, मग ओळखीतून एका सीए मॅडमकडे गेले. पैसे दोन्हीकडे भरलेत म्हणून दोन्हीबद्दल लिहितेय.

ऑनलाइनवाल्यांनी फोनवर दहाएक मिनिटं बोलून आकडा पाठवला, कर ४ लाख ३७ हजार ५००. साठातून पंचवीस वजा, उरलेल्या पस्तीस लाखावर साडेबारा टक्के. मी विचारलं इंडेक्सेशनचं, म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचं काय, तर म्हणे ते आता बंद झालं. इथेच माझा संताप झाला, कारण हे अर्धंच उत्तर आहे. २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के हा नियम आला हे बरोबर, पण घर त्या तारखेच्या आधी घेतलेलं असेल आणि विकणारी व्यक्ती इथली रहिवासी असेल तर जुन्या पद्धतीने इंडेक्सेशन धरून २० टक्क्यांनीही हिशोब करायचा आणि दोन्हीत जो कर कमी येईल तेवढाच भरायचा. ज्याला कोणी हे सांगणार नाही तो बिचारा पूर्ण रक्कम भरून मोकळा होणार ना!

मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, घरात फ्लॅटचे जेवढे कागद असतील तेवढे सगळे आणा. मी पिशवीच नेली. त्यांनी एकेक पावती टेबलावर पसरली, रंगकामाची बाजूला ठेवली, ही दुरुस्ती, ही धरता येणार नाही. २०१६ च्या दिवाळीआधी केलेली फरशी, ओटा आणि ग्रिल यांची बिलं मात्र घेतली, १ लाख ६० हजार. मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून दाखवलं. सरकार दर आर्थिक वर्षासाठी महागाईचा इंडेक्स ठरवतं, २०१०-११ चा १६७, २०२४-२५ चा ३६३, म्हणजे माझे २५ लाख झाले ५४ लाख ३४ हजार. फरशी-ओट्याचा खर्च २०१६-१७ च्या २६४ या इंडेक्सने २ लाख २० हजार. एजंटची दलाली ६० हजार, तीही वजा. नफा उरला २ लाख ८६ हजारांच्या आसपास, त्यावर २० टक्के म्हणजे ५७ हजार. सेस धरला तरी ६० हजारांच्या आतच!

मी हावरटपणे विचारलं, कर्जाचं व्याज पण किमतीत धरता येईल का? त्या म्हणाल्या, ताई, ते व्याज दरवर्षी भाड्यातून वजा केलंय ना, मग परत नाही धरता येत. सरळ नाही म्हणाल्या, मला ते आवडलं.

अजून एक. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे आगाऊ कर, कापून भरायचा असतो. माझे ६० हजार कापले होते पण २६एएस मध्ये, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, दिसतच नव्हते. मॅडमनी लगेच घेणाऱ्याला फोन करायला लावला, त्या गृहस्थांनी २६क्यूबी हा टीडीएस भरायचा फॉर्म भरलाच नव्हता, नुसते पैसे कापून ठेवलेले. दोन आठवड्यांनी एंट्री आली आणि फ्लॅटच्या करापोटी खिशातून वेगळं काही भरावं लागलं नाही.

कलम ५४ म्हणजे दुसरं घर घेऊन सूट, किंवा सहा महिन्यांत ५४ईसी चे करसवलतीचे बाँड, हेही त्यांनी समजावलं. पण बाँडमध्ये पैसे पाच वर्षं अडकतात, एवढ्याशा करासाठी नको, असं त्याच म्हणाल्या.

तक्रार एकच, जुलैत फोन उचलत नाहीत, मेसेजचं उत्तर तीन-चार दिवसांनी येतं. फी ऑनलाइनच्या तिप्पट पडली, तरी मी पाचपैकी साडेचार देईन. ऑनलाइन पॅकेजला एक, तोही पगाराचं रिटर्न त्यांनी नीट भरून ठेवलं होतं म्हणून. त्यांना इंडेक्सेशनचं लेखी कळवलं, अजून उत्तर नाही.