मिहान खरं होतं, प्लॉट खोटा होता

रविवारी सकाळी प्लॉट दाखवायला नेणाऱ्या गाड्या नागपुरात पुन्हा सुटू लागल्यात. या वेळी नाव समृद्धी महामार्गाचं आणि तो जिथून सुरू होतो त्या शिवमडक्याच्या झीरो पॉइंटचं आहे. अशाच एका गाडीत २००७ साली बाबा आणि मी बसलो होतो. तेव्हा नाव मिहानचं होतं, म्हणजे नागपूर विमानतळाला लागून होणाऱ्या मालवाहतूक केंद्राचं आणि सेझचं.

२००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, २००५ मध्ये सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा आला. मग एअर इंडियानं बोइंगकडून ६८ विमानं घ्यायचं ठरवलं आणि त्या सौद्यापोटी विमानदुरुस्तीचा कारखाना नागपुरात येणार, ही बातमी झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगावच्या जमिनी संपादनात गेल्या. वर्धा रोडच्या पानठेल्यावरही लोक चौरस फुटात बोलायला लागले. हे सगळं खरं होतं, आणि घोळ तिथंच झाला. बाबांची अख्खी नोकरी हिशेब तपासण्यात गेली होती, खोटं त्यांनी पकडलं असतं. पण प्लॉट विकणारा माणूस मिहानबद्दल एक शब्दही खोटा बोलला नाही.

ले-आउट गुमगावच्या पलीकडे. शेतात चुन्याच्या रेषा, कोपऱ्याला रंगीत झेंडे, 'गार्डन' अशी पाटी, मंडपात चहा-पोहे. १५०० चौरस फूट, १२० रुपये भाव. पंचेचाळीस हजार आधी भरायचे, उरलेले एक लाख पस्तीस हजार छत्तीस किस्तींत. बाबा म्हणाले, घरी विचारून सांगतो. "काकाजी, विचारा ना आरामात," तो म्हणाला, "पण पुढच्या रविवारी हा भाव नाही राहणार." आणि पुढच्या रविवारी खरंच १३५ झाला होता, म्हणजे हेही खोटं नव्हतं. फक्त भाव वाढवणारा तोच होता.

नकाशावर मोठ्या अक्षरांत 'एनए-टीपी', म्हणजे बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रस्तावित'. मी वाचलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. आम्ही शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करारनामा घेतला आणि दर महिन्याला ३७५० रुपये भरत राहिलो. सातबारा मागायचा आम्हाला संकोच वाटला, हे लिहिताना आजही लाज वाटते. रांगेत पन्नास माणसं उभी असताना आपणच कसे शंकेखोर दिसायचं!

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, मंदी आली. नोव्हेंबरात जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर पहिली कसोटी झाली, गांगुलीची शेवटची. त्या गर्दीत वर्धा रोड जोरात असल्यासारखा वाटला. पण मिहानात जागा घेतलेल्या कित्येक कंपन्यांच्या प्लॉटवर गवतच वाढत होतं. २०११ च्या अर्थसंकल्पात सेझवर मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर बसला. विमानदुरुस्तीचं केंद्र सुरू व्हायला २०१५ उजाडलं. ले-आउटचे भाव आधी थांबले, मग गिऱ्हाईकच आटलं.

छत्तीसावी किस्त भरून रजिस्ट्री मागितली, तेव्हा तारखा मिळू लागल्या. पुढे ऑफिसचं शटर पडलं. मग मी पटवाऱ्याकडे गेलो. जे काम पहिल्या दिवशी वीस मिनिटांत झालं असतं, ते चौथ्या वर्षी केलं. त्या खसऱ्याच्या (जमिनीच्या सर्व्हे नंबरच्या) सातबाऱ्यावर शेतकरी आणि त्याच्या दोन बहिणी. भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकताच येत नाही. इतर हक्कात बँकेचा बोजा. आमच्या माणसाचं नाव कुठंच नाही. शेतकऱ्याला थोडा इसार देऊन तो त्याच्या जमिनीवर झेंडे रोवत होता आणि आमच्या किस्तींतून पुढच्या शेताचा इसार देत होता. नवीन गिऱ्हाईक येईतोवर हे चाललं. माझ्या ४७ नंबरच्या प्लॉटच्या पावत्या आणखी एका कुटुंबाकडेही निघाल्या.

काहींना त्यानं मुखत्यारपत्रं दिली होती. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. ज्यांची रजिस्ट्री झाली तेही सुटले नाहीत. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, जमीन विकणाऱ्याची आहे का याची हमी देत नाही. शिवाय विदर्भाच्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे एनए न झालेल्या प्लॉटचा फेरफारच अडतो.

ग्राहक मंचात गेलो. ले-आउट पाडून प्लॉट विकणं ही ग्राहक कायद्याखाली सेवाच आहे, हा २०१२ चा निकाल वकिलांनी दाखवला. आदेश आमच्या बाजूनं लागला, वसुली मात्र शून्य. त्याच्या नावावर काही नव्हतंच.

आता कुणी गाडीत बसवायला आलं तर तिथंच, मोबाइलवर महाभूलेख ही सातबाऱ्याची सरकारी वेबसाइट उघडा आणि खसरा नंबर मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची नोंदणी लागते, तीही बघा. 'प्रस्तावित' शब्द दिसला की उतरा. पोहे खाल्ले असले तरी.

मागच्या पावसाळ्यात तिकडे जाऊन आलो. शेतकरी ओळखीचा झालाय आता. "भाऊ, मले तरी कुठं पूर्ण पैसे भेटले? त्याचा चेक दोनदा वापस आला," तो म्हणाला. ४७ नंबर नेमका कुठं होता ते आम्ही दोघांनी शोधून पाहिलं. सगळीकडे तूर होती.