फोटोग्राफीची पदवी: वर्षभर काम केल्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका विद्यापीठातून फोटोग्राफीची पदवी घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. सध्या प्रॉडक्ट आणि फूड शूट करते, मधूनमधून सिनियर फोटोग्राफरना असिस्ट करते. 'यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं, मग एवढी फी कशाला भरायची?' असं बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील सतत विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसता कॅमेरा शिकायचा असेल तर पदवीची गरज नाही. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ पहिल्या सत्रात उरकतं आणि घरी बसूनही जमतं. लाइटचं तसं नाही. आम्हाला एकदा स्टीलचा तांब्या शूट करायला दिला होता. तांब्यात सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) दिसतो, छत दिसतं, कॅमेऱ्यामागचे आपणही दिसतो. मॅडमनी सगळे लाइट बंद करायला लावले आणि विचारलं, "आता सांग, या तांब्यात तुला काय दिसायला हवंय?" मग दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपरचे मोठे पडदे लावले, लाइट त्यांच्या मागून दिला आणि पडद्यांच्या कडेला काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या केल्या. पट्टी बोटभर सरकवली की तांब्याच्या पोटावरची काळी रेघही सरकायची. ती नेमकी कडेवर आली तेव्हा पांढऱ्या बॅकग्राउंडवर तांब्याचा आकार उठून दिसला. त्या दिवसापासून चकचकीत वस्तू समोर आली की मी आधी तिच्या आजूबाजूचं बघते. आज भांडी, दागिने, काचेच्या बाटल्या अशी जी कामं मिळतात, ती याच शिक्षणावर.

पण फी खऱ्या अर्थानं वसूल झाली ती क्रिटिकमध्ये. प्रिंट भिंतीवर लावायचे, इतरांनी बोलायचं आणि आपण गप्प ऐकायचं. मार्केट यार्डातल्या हमालांवर माझा प्रोजेक्ट होता. पहाटेच्या उन्हात धूळ उडतेय, असा एक फोटो सगळ्यांना आवडायचा. सरांनी तो प्रोजेक्टमधून वगळायला लावला, कारण त्यात हमाल कुठेच नव्हता, नुसतं ऊन होतं. पोत्यात अडकवायचा लोखंडी हूक धरलेला हात मात्र राहिला. फोटो निवडणं, त्यांचा क्रम लावणं हे इन्स्टाग्रामच्या लाइक्सवरून कधीच कळलं नसतं. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मी आधीही पाहिलं होतं. क्रिटिकला बसायला लागल्यावर ते वाचता यायला लागलं.

राग एकाच गोष्टीचा आहे. धंदा कुणी शिकवला नाही. कोटेशन कसं द्यायचं, अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा, एडिटिंगचे पैसे वेगळे लावायचे का, यावर संपूर्ण अभ्यासक्रमात एक तास नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ मला कळलं ते असिस्ट करताना: कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक, फोटोग्राफर नाही. फोटोग्राफीवर पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षीच सांगायला हवं. आता मी वापर कुठे आणि किती काळ, हे कोटेशनमध्येच लिहून घेते.

वर्षभरात एकाही क्लायंटनं सर्टिफिकेट मागितलं नाही, सगळे पोर्टफोलिओच बघतात. माझा पोर्टफोलिओ मात्र बराचसा तिथेच घडला.

लग्नाच्या फोटोग्राफीतच उतरायचं पक्कं असेल तर फीच्या पैशात चांगली लेन्स घ्या आणि एखाद्या टीमबरोबर दोन सीझन फिरा. जाहिरात, डॉक्युमेंटरी किंवा स्वतःचं काही मांडायचं असेल तर पदवी जरूर घ्या. दुसऱ्या विषयात पदवी झाली असेल तर गांधीनगरला एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) फोटोग्राफी डिझाइनमधला एम.डेस. म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तोही बघा.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट बघायला मागा. शिकवणारे स्वतः अजून काम करतात का, ते विचारा. आणि माहितीपत्रकातले कॅमेरे मोजण्यापेक्षा, क्लास सुटल्यावर स्टुडिओची चावी मुलांना मिळते का, हे त्या मुलांनाच विचारा.