नॅनो एडिटर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

सर्व्हरवरच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइल्स बदलणं, क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीतली, एखादी ओळ दुरुस्त करणं, गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा कमिट मेसेज लिहिणं, अधूनमधून लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) चाळणं. टर्मिनलमधलं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतलं, माझं एडिटिंग एवढंच आहे आणि गेले कित्येक महिने ते सगळं नॅनो या तिथेच चालणाऱ्या मजकूर-एडिटरवर चाललंय. नॅनो म्हणजे नवशिक्यांचा एडिटर, विम हा दुसरा टर्मिनल एडिटर शिकेपर्यंत चालवून घ्यायचा, असं बऱ्याच जणांचं मत असतं. मला ते पटत नाही. लोक त्याला खालच्या दोन ओळींतल्या शॉर्टकटवरून जोखतात. त्याची खरी ताकद तो उघडताना द्यायच्या पर्यायांत आहे, आणि ते पर्याय फारसं कुणी वाचत नाही.

मुळात हा पिकोचा पर्याय. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ईमेल प्रोग्रॅमसोबत पिको यायचा, पण त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हता. म्हणून ख्रिस अलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये तसाच दिसणारा नवा एडिटर लिहायला घेतला. नॅनो हे नाव २००० मध्ये आलं. साधेपणा तेव्हाचाच आहे. पर्यायांची यादी मात्र दर आवृत्तीत वाढत गेली.

मी सगळ्यात जास्त वापरतो तो पर्याय म्हणजे अधिक चिन्ह. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग तपासली आणि ८७व्या ओळीवर महिरपी कंस चुकलाय असं उत्तर आलं, की नॅनो, मग +८७, मग फाइलचं नाव. फाइल उघडते ती थेट त्या ओळीवर. स्वल्पविराम देऊन पुढे स्तंभाचा आकडा दिला, तर कर्सर नेमक्या त्या अक्षरावर बसतो. २०२४ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून फाइलच्या नावापुढे कोलन आणि आकडा दिला तरी चालतं. ही सोय छोटी वाटते, पण बहुतेक कंपायलर आणि तपासणीची साधनं चूक सांगतात ती याच रूपात: नाव, कोलन, ओळ. म्हणजे एररमधला तेवढा तुकडा उचलायचा आणि नॅनोपुढे चिकटवायचा. ओळीचा आकडा माहीत नसेल तर अधिक चिन्हापुढे तिरपी रेघ आणि शोधायचा शब्द. पहिल्यांदा तो शब्द जिथे सापडेल तिथे कर्सर. तिरप्या रेघेऐवजी प्रश्नचिन्ह दिलं तर शोध शेवटून सुरू होतो. लॉगमधली सगळ्यात ताजी एरर गाठायला हे फार उपयोगी पडतं.

लॉग उघडताना मी स्मॉल व्ही (-v) हा पर्याय लावतोच. फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते, चुकून बोट पडलं तरी काही बदलत नाही. अर्थात नॅनो पूर्ण फाइल मेमरीत घेतो, त्यामुळे काही गिगाबाइटचा लॉग त्यात उघडू नये. तिथे लेस हा फक्त वाचायचा प्रोग्रॅमच बरा.

बॅकअपबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे खाचखळगे आहेत. कॅपिटल बी (-B) दिला की सेव्ह करण्याआधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी ~ लावून राहते. ऐकायला छान आहे. पण एन्जिनएक्सच्या ज्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्स सरसकट वाचल्या जातात, तिथे ही ~ वाली प्रतही वाचली जाते आणि तीच साइट दोनदा लिहिल्यासारखी होते. त्यावर उपाय म्हणजे कॅपिटल सी आणि पुढे एखाद्या वेगळ्या फोल्डरचा पत्ता. मग बॅकअप तिकडे जातात, शिवाय प्रत्येक सेव्हला नवा क्रमांक मिळतो, आधीची प्रत पुसली जात नाही. माझ्या मते सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन पर्याय जोडीनेच चालू ठेवावेत. ते फोल्डर मधूनमधून साफ करावं लागतं, एवढीच कटकट.

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी, मध्येच तुटलं तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. टर्मिनल बंद झाल्याचा सिग्नल मिळाला की नॅनो न साठवलेला मजकूर मूळ नावापुढे .सेव्ह जोडून लिहून ठेवतो. त्यासाठी काही चालू करावं लागत नाही.

दर वेळी एवढं सगळं कोण टाइप करणार? म्हणून होम फोल्डरमध्ये नॅनोआरसी (.nanorc) नावाची सेटिंग्जची फाइल ठेवायची आणि एकेका ओळीवर सेट लिहून पर्यायाचं लांब नाव द्यायचं. माझ्याकडे कायमचे चालू आहेत ते ओळींचे आकडे, ऑटोइंडेंट (नव्या ओळीआधी वरच्या ओळीइतकीच मोकळी जागा), बॅकअपची जोडी, पोझिशनलॉग आणि लॉकिंग. पोझिशनलॉगमुळे शेवटच्या २०० फाइल्समध्ये कर्सर कुठे होता हे लक्षात राहतं. काल जिथे थांबलो तिथेच फाइल उघडते. लॉकिंग विमच्याच पद्धतीची कुलूप-फाइल बनवतं, त्यामुळे सहकाऱ्याने तीच फाइल विममध्ये उघडली असेल तरी इशारा मिळतो. टीमने मिळून सांभाळायच्या सर्व्हरवर याला तोड नाही.

टॅबऐवजी स्पेस हा पर्याय कायमचा लावावा की नाही यावर मी बराच विचार केला. याम्ल या कॉन्फिगच्या फाइल-प्रकारात इंडेंटसाठी टॅब चालत नाही, उलट मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. सुदैवाने नव्या आवृत्त्यांत प्रत्येक भाषेचा कोड रंगवायचे नियम असलेल्या फाइलमध्ये टॅबगिव्ह्ज अशी ओळ लिहिता येते: ही भाषा असेल तर टॅब दाबल्यावर हे उमटव. मेकफाइलसाठी खरा टॅब नॅनोसोबतच ठरवून आलेला असतो. त्यामुळे मी स्पेसचा पर्याय कायमचा लावून टाकला, आकार दोन.

काही पर्याय नॅनोआरसीत न टाकता कामापुरतेच द्यावेत. गिटला एडिटर म्हणून मी नॅनो, स्मॉल बी, स्मॉल आर आणि ७२ असं सांगून ठेवलंय. कमिट मेसेजच्या ओळी ७२ अक्षरांच्या आत आपोआप तुटतात. हेच कॉन्फिग फाइलला लागू झालं तर लांब ओळीचे तुकडे पडून सगळा घोळ होईल. माउसचा पर्यायही मी कायमचा ठेवत नाही. तो चालू असला की टर्मिनलमधून मजकूर निवडायला शिफ्ट दाबून धरावी लागते.

सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची कमांड) लावून नॅनो उघडल्यावर आपली सेटिंग्ज दिसत नाहीत, कारण बहुतेकदा तिथे रूटच्या, म्हणजे प्रशासक खात्याच्या, होम फोल्डरमधली फाइल वाचली जाते. सुडोएडिट वापरलं तर एडिटर आपल्याच नावाने चालतो आणि सेटिंग्ज मिळतात, पण तो काम करतो तात्पुरत्या प्रतीवर, म्हणजे बॅकअपही त्या प्रतीचाच. म्हणून बॅकअपच्या ओळी मी इटीसी (/etc) फोल्डरमधल्या, सगळ्या खात्यांना लागू होणाऱ्या सामायिक नॅनोआरसीत टाकल्या आणि महत्त्वाच्या फाइल्स साध्या सुडोने उघडतो.

मराठी मजकुराचा अनुभव मात्र कच्चा आहे. क्ष म्हणजे आतून क, हलन्त आणि ष. टर्मिनल त्याला एक जोडाक्षर म्हणून रंगवतं आणि नॅनो रुंदी आपल्या हिशेबाने मोजतो. दोघांचं जमलं नाही की कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर दुसरीकडे उमटतं. बॅकस्पेसने आधी मात्रा जाते, मग अक्षर. त्याची सवय होते, कर्सरच्या गोंधळाची होत नाही. टर्मिनल बदलल्यावर फरक पडतो, म्हणजे सगळा दोष नॅनोचा नाही. तरी दोन-चार ओळींपेक्षा जास्त मराठी मी त्यात लिहीत नाही.

खिडकीचे दोन भाग करून दोन फाइल्स शेजारी ठेवता येत नाहीत, अनेक ओळींवर पसरलेला शोध जमत नाही. मोठा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर हा एडिटर निवडू नका.

आणि जुन्या सर्व्हरवर जाताना आवृत्ती आधी बघून घ्या. ४.० च्या आधी, म्हणजे २०१९ पूर्वीच्या नॅनोत, लांब ओळी टाइप करताना आपोआप तुटायच्या. तिथे स्मॉल डब्ल्यू दिल्याशिवाय कॉन्फिगला हात लावू नये. आपली नॅनोआरसी तिथे जशीच्या तशी नेली तर न ओळखलेल्या ओळींवरून तो उघडतानाच तक्रार करतो. अशा वेळी कॅपिटल आय लावला की सगळ्या सेटिंग्ज बाजूला राहतात; तो आणि स्मॉल डब्ल्यू एवढ्यावर काम उरकता येतं.