डीएफआयजी की पूर्ण कन्व्हर्टर?
पुण्यातील आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप सुरू होताच जिन्यातला दिवा क्षणभर मंदावतो. साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्यांना ग्रिडमध्ये बिघाड झाल्यास व्होल्टेजची याहून कितीतरी मोठी घसरण सोसावी लागते. पवनचक्कीच्या जनित्राचे इथे दोन पर्याय आहेत. पहिल्यात, म्हणजे डीएफआयजी (स्टेटर आणि रोटर दोन्ही बाजूंनी वीज जोडलेल्या) जनित्रात, स्टेटर (न फिरणारा भाग) थेट ग्रिडला जोडलेला असतो आणि रोटरला (फिरणाऱ्या भागाला) जोडलेला कन्व्हर्टर, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, सुमारे ३० टक्केच शक्ती हाताळतो, म्हणून हा पर्याय स्वस्त पडतो. मात्र व्होल्टेज कोसळताच रोटरमधील प्रवाह उसळतो आणि कन्व्हर्टर वाचवण्यासाठी बहुधा क्रोबार, म्हणजे तो प्रवाह दुसरीकडे वळवणारे संरक्षक सर्किट, लागतो. दुसऱ्या पर्यायात पूर्ण कन्व्हर्टरमधून सगळी वीज जात असल्याने जनित्र या धक्क्यापासून अलग राहते. तो महाग आहे, तरीही ग्रिड कमकुवत असेल तिथे मी तोच निवडेन. ५० हर्ट्झची वारंवारता सावरणारे जडत्व (तिच्या अचानक बदलाला होणारा विरोध) मात्र दोन्हींत नियंत्रणप्रणालीतूनच मुद्दाम आणावे लागते.