सात फुटी बजेट कास्टिंग रॉड, एक मोसम वापरल्यावर: टोकाच्या गाईडकडे आधी बघा

तक्रार आधी सांगतो, कारण राग अजून गेलेला नाही. साडेतीन हजारांच्या आतला, सात फुटी, मिडियम हेवी (मध्यमपेक्षा जास्त ताकदीचा), फास्ट ॲक्शनचा (टोकाकडेच वाकणारा), दोन तुकड्यांचा, मासेमारीचा कार्बन कास्टिंग रॉड दिवाळीनंतर घेतला. उन्हाळाभर नेमाने वापरला. आणि ऐन वळवाच्या दिवसांत टोकाच्या गाईडमधली (दोरी ज्यातून बाहेर जाते त्या वळ्यातली) सिरॅमिकची कडी निखळून पाण्यात गेली. रॉड कुठे आपटला नव्हता, गाडीच्या दारात चिमटला नव्हता, गळ मी कधी गाईडमध्ये अडकवून ठेवत नाही. कडी धरून ठेवणारा गोंद सुटला, बाकी काही नाही. कडी गेल्यावर उरते ती पातळ धातूची मोकळी कड. त्या कडेवरून तीस पौंडी ब्रेड (तीस पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी) गेला आणि पुढच्या काही फेकींत दोरीवर बारीक केस उभे राहिले. दोरीचा पुढचा बराच भाग कापून टाकावा लागला. ब्रेड काय भावाने मिळतो ते वाचणाऱ्यांना माहीत आहे.

विक्रेत्याने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल, मग पुन्हा तेच फोटो. शेवटी एका ओळीत कळवलं की वापरामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. रॉड वापरायलाच घेतला होता. साध्या वापरात कडी सुटत असेल तर तो बनवणाऱ्याचा दोष आहे, हे मी परोपरीने लिहून पाहिलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर मात्र हालचाल झाली आणि कुरियरने एक पाकीट आलं. आत एक सुटं गाईड. ते टोकावर बसेना. नळीचं तोंड बारीक, रॉडचं टोक जाड.

ते घेऊन कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, ह्या टोकाचं माप घ्या की जरा." त्यांनी व्हर्निअर लावला, दोन ठिकाणी बघितलं आणि म्हणाले, "दोन पॉइंट दोन धर. आणि ह्ये पाठवल्यालं एक पॉइंट आठचं हाय. ठोकून बसवायला जाऊ नको, फुटंल." अमेरिकन मापात टोकाच्या गाईडची नळी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. २.२ मिमी म्हणजे साधारण साडेपाच नंबर. हा नंबर ना खोक्यावर होता, ना विक्रेत्याच्या माहितीत. गेली तर हीच वस्तू आधी जाणार, आणि तिचंच माप कुणी सांगत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

गाईड बदलणं अवघड नाही, घरी होतं. जुन्या गाईडच्या धातूच्या नळीला लायटरची धग थोडी थोडी द्यायची. आच कार्बनला लागू द्यायची नाही, कारण आतलं रेझिन उष्णतेने मऊ पडतं. गोंद सैल झाला की पकडीने सरळ ओढायचं, पिळायचं नाही. टोक नखाने साफ करायचं, ग्लू गनची कांडी वितळवून थोडा गोंद लावायचा, नवं गाईड सरकवायचं, आणि गोंद गरम आहे तोवर खालच्या गाईडांच्या रेषेत आणायचं. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, पुढच्या वेळी ते गाईड निघणार नाही. मी सिलिकॉन कार्बाइडची कडी असलेलं गाईड घेतलं, खर्च दोनशेच्या आसपास. तेव्हापासून घरातून निघताना प्रत्येक कडीतून कानातल्या काडीचा कापूस फिरवतो. कडीला तडा असेल तर कापसाचा धागा अडकतो. डोळ्याला न दिसणारी चीर त्यात कळते.

एवढं सगळं लिहून सांगायचं हे की रॉड मी परत केला नाही आणि विकणारही नाही. कारण ज्यासाठी घेतला ते काम तो करतो.

अशा रॉडला बास रॉड म्हणतात, आणि त्याचं गणित मुळात अमेरिकेतलं आहे. तिथला लार्जमाउथ बास पाणवनस्पतींत आणि बुडलेल्या लाकडांत दबा धरतो. तिथली हौशी मंडळी प्रत्येक आमिषाला वेगळा, म्हणजे जिगला एक रॉड, क्रँकबेटला दुसरा, फ्रॉगला (रबरी बेडकाला) तिसरा असा संसार ठेवतात. त्या माशाचं वेड किती, तर जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरीने धरलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास, जपानच्या बिवा सरोवरात २००९ साली मानाबू कुरिताने त्याची बरोबरी करेपर्यंत एकटाच शिखरावर होता. आपल्या पंचगंगेत बास नाही. आपल्याकडे ती जागा मरळीची. तीही गवताच्या कडेला दबा धरते, तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढते. म्हणून बासचा रॉड मरळीला चालतो. फक्त आपल्याला एकाच रॉडवर सगळं भागवायचं असतं, आणि म्हणून निवड जास्त जपून करावी लागते.

सेन्सिटिव्ह रॉड कशाला हवा, हे बंधाऱ्यावर कळतं. ऑक्टोबरनंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि संथ होतं. काठाला गाळ, मधल्या धारेत गोटे, खांबांपाशी पडलेले दगड. रबरी किडा वजन लावून तळावरून ओढताना गाळ, गोटा आणि चावा यांतला फरक हाताला कळला पाहिजे. या रॉडवर गाळात ओढ जड आणि मुकी लागते, गोट्यांवर बारीक खडखड येते, आणि मरळीने आमिष आत घेतलं की रिकाम्या डब्याला नखाने टिचकी मारावी तसा एकच ठोका बोटाला लागतो. कधी ठोकाही नसतो, नुसतं वजन हलकं होतं किंवा वाढतं. तेही कळतं. साडेतीन हजारांच्या आत हे मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

हे कळण्याचं श्रेय एकट्या कार्बनला देऊ नका. माशाचा धक्का दोरीतून टोकाच्या गाईडला, तिथून ब्लँकला (रॉडच्या मूळ नळीला), तिथून रील सीटला (रील बसवायच्या जागेला) आणि मग बोटाला येतो. यातलं एक जरी ढिलं असलं तरी बाकीचं वाया. या रॉडच्या रील सीटला खालून खाच आहे, त्यामुळे तर्जनी थेट ब्लँकवर टेकते. सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. दुसरा फायदा दोरीचा. पहिले काही आठवडे जुनं तंगूस होतं, पुढे त्याच रॉडवर ब्रेड भरला. नायलॉन ताणतं आणि ठोका वाटेतच जिरतो, ब्रेड जवळजवळ ताणत नाही. ब्रेड भरल्यावर रॉड बदलल्यासारखा वाटला, आणि सुरुवातीला "बरा आहे" एवढंच असलेलं माझं मत "चांगला आहे" पर्यंत आलं. पुढे दोन-तीन फूट फ्लोरोकार्बनचा लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा दोरीचा तुकडा) लावतो, कारण मरळीला दात आहेत आणि बंधाऱ्याच्या दगडांवर नुसता ब्रेड टिकत नाही. लीडरची गाठ मात्र टोकाच्या गाईडमध्ये ओढून घेऊ नका. फिरून फिरून मी त्याच कडीवर येतोय, पण स्वस्त रॉड तिथेच मार खातो.

खोक्यावरच्या "टन" आकड्याबद्दल. २४ टन, ३० टन, ४० टन हा तंतूच्या ताठपणाचा आकडा आहे, रॉडच्या दर्जाचा नाही. ताठ आणि हलका कार्बन कंप चांगला पोचवतो हे खरं, आणि काचतंतूचा (फायबरग्लासचा) रॉड जड असल्यामुळे तो कंप गिळतो हेही खरं. पण रॉडमध्ये तो तंतू किती आणि कुठे घातला, रेझिन किती, थर कसे दिले, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. वर ताठ कार्बन ठिसूळही असतो. दगडावर एकदा टोचला की तिथून कधीतरी मोडणार. दोन हजारांच्या रॉडवर ४० टन छापलं असेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दुकानात जाऊन घेणार असाल तर एकाने रॉडचं टोक हलकेच गळ्याला टेकवून "आ" म्हणावं आणि दुसऱ्याने मुठीत रॉड धरावा. दोन रॉड पाठोपाठ असे धरून बघितले की फरक आपोआप कळतो. दुकानदार बघत राहील, बघू दे.

दोन तुकड्यांच्या सांध्याबद्दल घेताना मनात धाकधूक होती. सांधा कंप अडवेल असं वाटायचं. सबंध सात फुटी रॉड मोटारसायकलवरून राधानगरी रस्त्याने नेणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दोन तुकड्यांचा घेतला. आता सांगतो, बोटाला फरक जाणवत नाही. एकच काळजी घ्यायची: सांध्यात रेती गेली की तो सैल होतो आणि आतून कुरकुरतो. ओल्या फडक्याने पुसून, सुकवून मगच जोडायचा. ईव्हीए फोमची मूठही मला आधी कॉर्कपुढे हलक्या दर्जाची वाटली होती. उन्हाळ्यातला घाम आणि वळवाचा चिखल पाहिल्यावर आता ईव्हीएच बरी म्हणेन. धुतली की स्वच्छ होते.

पॉवरच्या, म्हणजे ताकदीच्या बाबतीत मत खाली आलं. वर मिडियम हेवी लिहिलंय, पण कंबर मिडियमची आहे. या शब्दांना सगळ्या कंपन्यांचं मिळून ठरलेलं एक माप नाही, एकाचा मिडियम हेवी दुसऱ्याचा मिडियम असू शकतो. म्हणून शब्दापेक्षा ब्लँकवरचे आकडे वाचा. माझ्यावर आमिषाचं वजन पाव ते पाऊण औंस आहे, म्हणजे सात ते एकवीस ग्रॅम. दहा ते पंधरा ग्रॅमला हा रॉड सगळ्यात सुखी असतो. सात ग्रॅमच्या खाली स्वस्त बेटकास्टिंग रीलवर फेकू नये, स्पूल (दोरी गुंडाळलेलं चाक) पुरेसा ओढला जात नाही आणि गुंता होतो. पाऊण औंसाला टोक फार वाकतं. आणि जलपर्णीत फ्रॉग टाकून मोठी मरळ झटक्यात वर ओढायची असेल तर हा रॉड त्या कामाचा नाही. हिसका दिला तरी कंबर वाकते आणि मरळ पानांखाली शिरते. मोकळ्या पाण्यात, गवताच्या कडेने, तळावर, स्पिनरबेटवर (फिरत्या पात्याच्या आमिषावर) निर्धास्त वापरा.

रीलबद्दल थोडक्यात. दोनशे ग्रॅमच्या आसपासचं लो प्रोफाइल (बुटक्या घडणीचं) रील या रॉडला तोलतं. त्याहून जड बसवलं तर मूठ खाली ओढली जाते, हलकं बसवलं तर टोक जड लागतं. टोक जड असलं की मनगट दुखतं, आणि दुखऱ्या हाताला बारीक ठोका कळत नाही.

बजेट ठरवताना माझं म्हणणं असं: एकूण पैशांतला मोठा हिस्सा रॉडच्या नावावर उडवू नका. हलका, बोटाला ब्लँक लागणारा, आकडे स्पष्ट छापलेला रॉड घ्या. वाचलेल्या पैशात चांगला ब्रेड आणि २.२ असो वा जे काही असेल, आपल्या टोकाच्या मापाची दोन जादा गाईडं. रॉड घरी आला त्याच दिवशी टोक मोजून ठेवा. आणि तळ्यावर जाणार असाल तर आधी विचारून जा, पुष्कळ तळी मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

पावसाळ्यात रॉड घरी ठेवतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की नदीकाठी जायचं कारणही नसतं. शिवाय त्याच दिवसांत मरळ पिल्लं सांभाळते. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसला की खाली आईबाप असतातच, आणि त्यावर आमिष टाकलं तर ती रागाने धावतात. सहज मिळते म्हणून ती मारू नका, मागे सगळा घोळका चिलापीच्या तोंडी जातो.

विक्रेत्याला मी गाईडच्या नळीचं माप माहितीत टाकायला दोनदा कळवलं. अजून टाकलेलं नाही. याच वर्णनाचा रॉड घेणाऱ्याने आधी त्यांना लेखी विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघावं. मला आता फ्रॉगसाठी वेगळा हेवी रॉड हवा आहे, सव्वासात फुटांच्या आसपास, पन्नास पौंडी ब्रेड झेलणारा, टोकाला ठोकाबिका कळला नाही तरी चालेल असा. चार हजारांच्या आतला, आणि गाईडच्या कड्या एक मोसम तरी जागेवर राहिलेला रॉड कुणी वापरला असेल तर अनुभव कळवा.