बेटकास्टरवरची ब्रेडेड लाईन : पौंड झाका, वजन बघा

घाईत असाल तर एवढंच करा. बेटकास्टिंग रीलसाठी, म्हणजे जिचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो त्या गळाच्या रीलसाठी, पीई ३ च्या आसपासची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाईन घ्या (पीई हा जपानी आकडा, खुलासा पुढे). खाडीत, पुलाच्या खांबांपाशी, तिवरांच्या कडेला गरवत असाल तर चार पदरी, म्हणजे चार धाग्यांच्या विणीची, घ्या. खडकावरून मोकळ्या पाण्यात टाकत असाल तर आठ पदरी. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला पौंडांचा आकडा अंगठ्याने झाकून मग बाकीचं वाचा. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी पुढे कारणं आहेत, जरा लांबलचक.

मी धंद्याने सोनार. चौलला पेढी आहे आणि कुंडलिका जिथे समुद्राला मिळते ती रेवदंड्याची खाडी गाडीवरून दहा मिनिटांवर. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं, तेव्हा जिताड्याच्या मागे जातो. त्या संध्याकाळी पेढी लवकर बंद होते हे आता गिऱ्हाइकांनाही माहीत झालंय. माझ्याकडे दोन लो-प्रोफाईल बेटकास्टर आहेत. दोन्हींवर १२ पौंडी नायलॉन १४५ यार्ड मावेल असं लिहिलेलं. हे सांगायचं कारण, सगळा हिशेब या आकड्यापासून सुरू होतो.

आधी रीलचा प्रश्न. स्पिनिंग रीलचा स्पूल फेकताना जागेवर स्थिर असतो, लाईन त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टरचा स्पूल स्वतः फिरतो, आणि लूअर (गळ लावलेला नकली मासा) पुढे जाईल तसा तो लाईन सोडत जातो. त्यामुळे स्पिनिंगवर जी बारीक लाईन लांब फेकायला उपयोगी पडते, तीच इथे घात करते. मासा लागला किंवा लूअर तिवराच्या मुळांत अडकला की तुम्ही जोर लावून ओढता. त्या ताणाने वरचा फेरा खालच्या फेऱ्यांच्या फटीत शिरतो आणि रुतून बसतो. वरून काही दिसत नाही. पुढची फेक मारली की लाईन त्या रुतलेल्या जागेपर्यंत सुसाट जाते आणि तिथे खटकन थांबते. मग दोनपैकी एक होतं. एकतर स्पूलवर असा गुंतवळ होतो की टोकदार सुई घेऊन बसावं लागतं, नाहीतर लूअर तुटून एकटाच खाडीपलीकडच्या साळावच्या दिशेने निघून जातो. हल्ली चांगला लूअर पाच-सहाशेच्या खाली येत नाही.

म्हणून बेटकास्टरवर जाडी लागते, ताकदीसाठी नव्हे. माझ्या रीलचा ड्रॅग (ओढ वाढली की लाईन सुटू देणारा ब्रेक) पूर्ण आवळला तरी सात-आठ किलोच्या पुढे जात नाही. ४० पौंडी लाईन म्हणजे १८ किलो. एवढं बळ वापरात यायचंच नाही, त्याआधी ड्रॅग सुटेल. तरीही मी ४० पौंडी भरतो, कारण तेवढ्या जाडीची लाईन स्पूलवर नीट बसते आणि रुतत नाही. २० पौंडीच्या खाली बेटकास्टरवर जाऊच नका. हलक्या लूअरसाठी बनवलेले खास उथळ स्पूल मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी.

आता पौंडांचं. खोक्यावरचा पौंडाचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने छापते. कुणी कमीत कमी इतक्याला तुटेल म्हणून लिहितं, कुणी जास्तीत जास्त इतकं धरेल म्हणून. मिलिमीटरचा आकडा त्यापेक्षा बरा वाटतो, पण तोही फसवा. विणलेली लाईन मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली की चपटी होते. जितकं दाबाल तितकी बारीक. माझ्याकडे तार मोजायचा चांगला मायक्रोमीटर आहे, त्यानेही एकाच लाईनची प्रत्येक वेळी वेगळी जाडी सांगितली.

जपान्यांची पद्धत मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. त्यांचा पीई आकडा वजनावर बांधलेला आहे. पीई १ म्हणजे २०० डेनिअर, आणि डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. पीई ३ म्हणजे ६०० डेनिअर, जाडी साधारण ०.२८५ मिलिमीटर. आता गुणाकार करा. ९००० मीटरला ६०० ग्रॅम, तर १५० मीटरला १० ग्रॅम. हल्लीच्या बाजाराच्या भाषेत बरोब्बर एक तोळा! हा हिशेब जुळला त्या दिवशी मी पेढीवर एकटाच हसत बसलो होतो.

तेव्हापासून प्रत्येक नवी लाईन काट्यावर चढते. रीलचा स्पूल बाहेर काढायचा, रिकामा तोलायचा, लाईन भरून पुन्हा तोलायचा. वजाबाकी केली की लाईनचं वजन कळतं. वरच्या लेपाचं थोडं वजन धरायचं, म्हणजे १० ऐवजी ११ भरलं तरी कुरकुर नाही. पण ऑनलाईन घेतलेल्या एका स्वस्त लाईनच्या खोक्यावर १०० पौंड आणि ०.२८ मिलिमीटर असं दोन्ही छापलं होतं. काट्यावर १५० मीटर १७ ग्रॅम भरले. म्हणजे हजारावर डेनिअर, पीई ५ चा माल पीई ३ च्या नावाने. सामान तोलायच्या हातकाट्याला गाठ मारून ओढली, तर १०० पौंडांच्या तिसऱ्या हिश्श्यालाच तुटली. दागिना पोकळ निघाला तर गिऱ्हाईक पेढीवर येऊन उभं राहतं, इथे कुणाच्या दारात उभं राहणार? तुमच्याकडे सोनाराचा काटा नसेल तर एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही एवढी चोरी पकडतो.

या धाग्याचं मूळ द्रव्य पॉलिथिलीन, तेच ज्याच्या पिशव्या होतात. फक्त याची साखळी अतिशय लांब असते आणि धागा ओढून ओढून त्या साखळ्या एका दिशेला सरळ केलेल्या असतात. आमच्याकडे छिद्रांच्या पट्टीतून तार ओढताना ती जशी बारीक होत जाते तशी कडकही होत जाते, त्यातलाच प्रकार. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही दोन नावं खोक्यावर दिसतात ती याच धाग्याची. घनता ०.९७, म्हणून लाईन पाण्यावर तरंगते. १५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून गाठीचं उरलेलं टोक लायटरने डागलं की छोटी गोळी होते आणि गाठ सरकत नाही. रंग या धाग्यात मुरत नाही, तो वरच्या लेपात असतो. म्हणून हिरवी लाईन काही महिन्यांत पांढुरकी झाली तर दुकानदाराशी भांडू नका, सगळ्यांचाच रंग जातो.

माझ्या वापरातल्या लाईन तीन.

पॉवर प्रो. अमेरिकेतली, आता शिमानोच्या घरातली, जुनी चार पदरी. हातात घेतली की जरा ताठ लागते, आणि बेटकास्टरवर हाच तिचा गुण. ताठ आणि गोल असल्याने फेऱ्यांच्या फटीत सहज शिरत नाही. खोक्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ५० आणि १२. म्हणजे ताकद ५० पौंडांची, जाडी १२ पौंडी नायलॉनएवढी. हे फार सोयीचं आहे, कारण माझ्या रीलवरही १२ पौंडी नायलॉनचाच हिशेब छापलाय. ५० पौंडी घेतली तर १४५ यार्ड मावणार, डोकं चालवायची गरज नाही. ४० पौंडीवर १० लिहिलेलं असतं, ती थोडी जास्त मावते. तोटा आवाजाचा. रॉडच्या कड्यांतून जाताना चर्र करते. नवी असताना तर शेजारच्या गळवाल्याने वळून बघावं इतकी. मला त्या आवाजाची सवय झालीय, जिताड्यालाही बहुतेक झाली असावी.

दाईवा जे-ब्रेड एक्स ८. आठ पदरी, मऊ, गोल, कड्यांतून जाताना जवळपास मुकी. कोर्लईच्या बाजूच्या खडकांवरून मिनो (बारीक माशाच्या आकाराचा लूअर) फेकायला मी हीच भरतो. फेक लांब जाते, अंगठ्याखाली गुळगुळीत लागते. पण तेवढ्याच जाडीत आठ पदर बसवायचे तर प्रत्येक पदर बारीक होणार, आणि कालवांवर घासली गेली तर बारीक पदर आधी तुटतो. साळावच्या पुलाच्या खांबांवर कालवांचा थर आहे. तिथे लागलेला जिताडा पहिली धाव त्या खांबाकडेच घेतो. त्याला कुणी शिकवायला लागत नाही. तिथे मी आठ पदरी नेत नाही.

सफिक्स ८३२. नावातच वर्णन आहे: ८ पदर, इंचाला ३२ विणी. आठांपैकी सात डायनीमाचे, एक गोअर नावाच्या वेगळ्या धाग्याचा. विणी मोजायला दहापट भिंग लावून बसलो होतो, पण तेवढ्यात मंगळसूत्राचं गिऱ्हाईक आलं आणि ते राहूनच गेलं. गोअरचा धागा पॉलिथिलीनपेक्षा जड, त्यामुळे माझा तोळ्याचा हिशेब या लाईनला तंतोतंत लागू होत नाही. वजन जास्त भरलं म्हणून तिला खोटी ठरवू नका. वाऱ्यात ही कमी फुगते, घासण्यालाही बऱ्यापैकी टिकते. एकच लाईन घेऊन खाडी आणि खडक दोन्ही करायचे असतील तर ही घ्या. फक्त या तिघींत माझ्या खिशाला हीच जड गेली.

कालवांचा विषय निघालाच आहे तर ऐका. कुठलीही ब्रेडेड लाईन धारदार कडेपुढे दुबळीच, चार पदरी थोडी कमी दुबळी एवढंच. म्हणून पुढे लीडर, म्हणजे लाईन आणि लूअर यांच्यामधला जाड तुकडा, हवाच. मी ५० पौंडी फ्लुरोकार्बनचा हातभर-दीड हात लावतो. जिताड्याला दात म्हणावे असे नसतात, पण तोंड कानशीसारखं खरखरीत आणि कल्ल्याची कड पात्यासारखी. जोडायला एफजी गाठ. शिकायला त्रास होतो, पण बारीक असते, रॉडच्या कड्यांत आणि रीलच्या लेव्हल-वाइंडमध्ये (लाईन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या कड्यात) अडकत नाही. लीडर लांब ठेवून गाठ स्पूलवर घ्यायची सवय मात्र नको. फेकताना ती कुठेतरी ठेचकाळतेच.

भरण्याची पद्धत लाईनइतकीच महत्त्वाची. हा धागा इतका निसरडा की थेट स्पूलवर बांधला तर सगळी लाईन अख्खीच्या अख्खी गरगर फिरते आणि ड्रॅग सुटतोय असं वाटतं. आधी तंगुसाचे (साध्या नायलॉन लाईनचे) दहा-पंधरा मीटर गुंडाळा, मग ब्रेडेड. पीई ३ चे १५० मीटर माझ्या रीलवर मावून वर तंगुसाला जागा उरते. भरताना ओल्या फडक्यात लाईन धरून चांगला ताण द्या. सैल भरलेली लाईन पहिल्याच माशाला रुतते, मग ती पीई ३ असो की ५. दुकानात मशीनवर भरून देतात तेव्हा बघत उभे राहा, बहुतेक जण सैल भरतात.

रंगाबद्दल फार वाद आहेत. माझं मत साधं: पुढे लीडर आहे, मग लाईन मला दिसली पाहिजे, माशाला दिसली तर दिसली. संध्याकाळच्या उजेडात पिवळट हिरवी सगळ्यात बरी.

साळावचे होडीवाले अजून जाड तंगूसच हातात धरून गरवतात, आणि बरोबर करतात. ब्रेडेड लाईन हातदोरी म्हणून चालतच नाही, पाखटासारखा जोरदार मासा लागला तर हाताचं बोट कापलं जाईल. लूअर मुळांत अडकला तरी लाईन हाताला गुंडाळून ओढू नका. लाकडाच्या दांड्याला चार फेरे द्या आणि दांडा ओढा. तोडायला नखं काढायचं कटर आणू नका, धागे पिंजतात. छोटी धारदार कात्री ठेवा. माझ्या पिशवीत पेढीवरची जुनी कात्री आहे.

घरी आल्यावर रील न बुडवता वरून गोड्या पाण्याचा हात फिरवा, मीठ सुकलं की लाईन काचकाच करते. वर्षभराने पहिले ५०-६० मीटर पिंजलेले दिसतील, पण खालची लाईन पाण्यात गेलेलीच नसते. फेकून देऊ नका. दुसऱ्या रीलवर उलटी गुंडाळून घ्या, म्हणजे आतलं टोक वर येईल. असं केलं की हजार-बाराशेची लाईन दोन वर्षं जाते. पिंजलेला तुकडा मात्र खाडीवर टाकू नका. हा धागा कुजत नाही आणि बगळ्यांच्या पायात अडकतो. घरी आणा, बारीक तुकडे करा आणि कचऱ्यात टाका.