१५०-६०० लेन्स: थंडीपासून पळस फुलेपर्यंतचा अनुभव

पक्ष्यांच्या फोटोंसाठी वापरते त्या माझ्या १५०-६०० मिमी झूम लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीचं कडं, ज्यावर ती ट्रायपॉडला बसते) स्क्रू उजनी धरणाच्या पाण्यात गेला, म्हणून हे आजच लिहितेय. एरवी पावसाळ्यात सवडीने लिहिणार होते.

लेन्सचे आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. कॉलरबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. आडवा कॅमेरा उभा करायचा तर कॉलरचा स्क्रू सैल करावा लागतो. त्याला आत कुठेही अटकाव नाही, एखादा आटा जास्त फिरला की तो सुटून येतो. उजनीच्या काठावरच्या भिगवणला होडीच्या काठावर बीनबॅग (लेन्स टेकवायची भरीव पिशवी), त्यावर लेन्स, समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग. मला उभी फ्रेम हवी होती. हादऱ्यांनी आधीच ढिला झालेला स्क्रू निसटला आणि गाळात गेला.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: सुटा स्क्रू मिळत नाही, अख्खी कॉलर घ्या, तीही मागवावी लागेल. हरवलेला भाग वॉरंटीत बसत नाही. सुमारे दोन किलोचं धूड ज्याच्या जिवावर उभं राहतं तो स्क्रूच सुटा मिळू नये, याचा मला अजून राग आहे. मेलवर मेल केले, प्रत्येक वेळी तेच उत्तर. शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याने कॉलरचे आटे मोजून स्टीलचा स्क्रू कातून दिला. वर स्वतःच्या डोक्याने टोकाला खाच पाडून सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) बसवली. आता तो कितीही फिरवा, बाहेर पडत नाही. १२० रुपये घेतले. कंपनीने हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता फोटोंचं. डिसेंबर-जानेवारीत माझं मत होतं की ही फक्त ६००ची लेन्स आहे, १५०चं टोक उगाच दिलंय. पट्टकादंब (थंडीत येणारे रानहंस) काठापासून लांब बसतात, तिथे ६००सुद्धा अपुरं वाटतं. पहाटेच्या धुक्यात एफ ६.३वर (६००ला लेन्सचं छिद्र याहून मोठं उघडत नाही) फोकस चाचपडत राहतो, पण ऊन आलं की पिसन् पीस उमटतं. उडत्या भोवत्यांना (शिकारी पक्षी) शटर १/२००० सेकंद ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या.

फेब्रुवारी सरता सरता हे सगळं बदललं. नऊनंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा लहरू लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. कितीही महागडी लेन्स लावा, मधल्या हवेचं काही करता येत नाही. उपाय एकच, लवकर जायचं आणि अंतर कमी ठेवायचं. तिथेच या लेन्सचं खरं मोल कळलं. काटेसावर आणि पळस फुलले की भोरड्यांचे थवे मधासाठी झाडावर उतरतात. (पळसमैना हे त्यांचं दुसरं नाव किती चपखल आहे!) झाडाखाली शांत बसलं तर त्या पार जवळ येतात. चोची परागांनी माखलेल्या, तोंडाने अखंड कलकलाट. २०० ते ३५०मध्ये पक्षी, फूल आणि फांदी एका चौकटीत बसतात. त्यामुळे १५०च्या टोकाबद्दलचं मत मी मागे घेतलं. मार्चमधले माझे बहुतेक आवडते फोटो ४००च्या आतले आहेत.

पळसाच्या बाबतीत एक सांभाळा. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि पाकळ्यांचा नुसता सपाट डाग येतो. लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ओढा. भोरडीचं काळं डोकं नंतर उचलता येतं, उडालेला केशरी रंग परत येत नाही.

आणि भिगवणला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, होडीवाल्या दादांना थवा उडवायला सांगू नका. उन्हाळ्याकडे पाणी उतरून चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहितांना भरपूर खायला मिळतं. पट्टकादंबांना तर हिमालय ओलांडून जायचं असतं. त्यांच्या चरण्याच्या वेळेपेक्षा आपला फ्लाइट शॉट मोठा नाही. दादांना आधीच सांगितलं तर ते होडी लांब थांबवतात, माझा तरी अनुभव असाच आहे.

वापरलेली लेन्स घेत असाल तर कॉलरचा स्क्रू पूर्ण काढून आटे तपासा. नवी घेत असाल तर त्या स्क्रूचं माप आजच कुणा लेथवाल्याकडून घेऊन ठेवा.